पळसदेवच्या गाळात

देवाशी माझं नातं कायम जेवढ्यास तेवढं राहिलं. सकाळी दिवा लावायचा, सणावाराला नैवेद्य दाखवायचा आणि कामाला लागायचं. मागण्याचा माझा स्वभाव नाही, आणि देवाकडे मागून मिळतं यावर फारसा विश्वासही नव्हता. त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा यांनी परस्पर पळसदेवच्या महादेवाला नवस बोलल्याचं कळल्यावर मला जरा रागच आला. उपचार बारामतीच्या डॉक्टरांनी करायचे, गोळ्या मी गिळायच्या आणि श्रेय महादेवाला. काय बोललात, असं मी विचारलं. "फिटल्याबिगर सांगत न्हाईत," एवढंच हे म्हणाले. आमच्याकडे रीतच तशी आहे. नवस फिटेपर्यंत बोललेलं तोंडाबाहेर काढायचं नाही.

आमच्या गावात, अंथुर्ण्यात, माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. उन्हाळ्याचे तीन-चार महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुणाची मिरची किती वाळली, कुणाच्या घरी खोबरं जास्त लागतं, कुणाला लवंग सोसत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. मसाला मीच भाजते, मीच कांडते, मीच चाळते. सून शुभांगी पिंपळी गावची. शिकलेली, शांत, कामाला मागे न सरणारी. पण एकदा तिच्या हातचा मसाला जाडसर निघाला आणि तेवढं मला पुरलं. तिला मी घर दिलं, गिरणी दिली नाही. दुसऱ्यानं केलेलं मला पटत नाही, आणि पटत नाही म्हणून मीच करते, आणि मीच करते म्हणून दिवसभर चिडलेली असते. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याला मी स्वभाव म्हणत होते, आजार नाही.

स्टेंटनंतर काही महिने बरे गेले. मग सीझन लागला आणि छाती पुन्हा आवळायला लागली. बारामतीला सगळ्या तपासण्या परत केल्या. मनगटातून नळी घालताना तिथली सिस्टर मला म्हणाली, "मावशी, मूठ उघडा. इथं कोणी काही हिसकावून घेत नाही." मूठ आवळलेली आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत, स्टेंट व्यवस्थित आहे. मग त्यांनी विचारलं, "घरी कसं असतं?"

"चांगलं असतं. सगळं मीच बघते."

"तेच विचारतोय," ते म्हणाले.

त्यांनी शांतपणे समजावलं. जो माणूस सतत घाईत असतो, राग आतल्या आत शिजवत ठेवतो, कुणावर भार टाकत नाही, त्याचं शरीर दिवसभर भांडणाच्या तयारीत राहतं. रक्तदाब चढतो, ठोके वाढतात, नळ्या आवळल्या जातात. गोळ्या त्यातलं बरंच सांभाळतात, सगळं सांभाळू शकत नाहीत. रोज थोडा वेळ काही न करता बसा, निम्मं काम दुसऱ्याला द्या, मनातलं कुणाला तरी बोला. छाती दुखली तर जिभेखाली ठेवायची गोळी जवळ असू द्या. मी मान डोलावली, आणि परतताना गाडीतूनच गिरणीत फोन करून मिरची पसरली का ते विचारलं.

यांचं घराणं मूळचं जुन्या पळसदेवचं. उजनी धरणाचं पाणी आलं आणि गाव उठलं, ते महादेवाचं देऊळही पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं आणि पांगलेली घराणी नैवेद्य घेऊन जातात. कधी होडीतून जावं लागतं, पाणी फारच ओसरलं तर चालत. यंदा मे महिन्यात चालत जाता येत होतं. नवस फेडायला हे, मी आणि शुभांगी निघालो. यांचे गुडघे चालू देत नाहीत, म्हणून हे काठावर बाभळीच्या सावलीत थांबले.

मासेमारी करणाऱ्यांनी वाटेवर काठ्या रोवल्या होत्या. ती वाट भलतीच वळसे घेत देवळाकडे जात होती. देऊळ मात्र समोर दिसत होतं, आणि मधली जमीन भेगा पडून कडक झालेली. गिरणीत माणसं खोळंबली असतील हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"आई, काठ्यांच्या कडंनं चला," शुभांगी मागून म्हणाली.

"जमीन मला नको शिकवू," म्हणून मी सरळ घुसले.

थोडं आत गेल्यावर वरचा पापुद्रा फुटला आणि पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला. तो काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला, तोही गेला. मी ओढत राहिले आणि मांड्यांपर्यंत रुतले. मग छाती आवळली. या वेळी कळ जबड्यापर्यंत गेली. गोळी शुभांगीजवळच्या पिशवीत होती. ती माझ्याकडे धावली तशी तिचाही पाय फसायला लागला. माझ्या मनात एकच आलं, की माझ्यापायी ही पोर जायची.

तेवढ्यात बाजूने आवाज आला. "वैनी, हलू नगा. वढाल तेवढ्या आत जाल. आन् तू गं, आडवी हो, पोटावर ये."

पन्नाशीची एक बाई ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब गाळावरून ढकलत येत होती. तिकडे अशा ट्यूबवर बसून मासे धरतात. तिने ट्यूब माझ्या पाठीला लावली. "बसा आता. खुर्चीत बसल्यावानी मागं टेका."

"मला जमायचं नाही," मी म्हणाले.

"बसायला काय जमायचं असतं? अंग सोडा."

शुभांगी पोटावर सरपटत आली. नव्या साडीचा, केसांचा सगळा चिखल झाला होता. तिने माझ्या जिभेखाली गोळी सरकवली आणि दोन्ही हातांनी मला मागे धरलं. "आई, टाका भार. मी हाय."

मी टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मुठी उघडल्या, डोळे मिटले. मनात नामस्मरण वगैरे काही नव्हतं. तुझं तू बघ, एवढं मात्र मी कुणाला तरी म्हणाले. हळूहळू छातीवरची पकड सैल झाली. त्या दोघींनी सावकाश एकेक पाय मोकळा केला आणि मला ट्यूबवर बसवून काठ्यांच्या वाटेपर्यंत ओढत नेलं.

"तुम्ही वेळेवर आलात," मी त्या बाईला म्हणाले.

"ट्यूब हितंच इसरले व्हते, म्हणून माघारी आले," ती म्हणाली. "एवढी वर्सं झाली, जाळं इसरले आसंल, ट्यूब कधी इसरले न्हाय. आज कशी इसरले कुणाला ठावं." आणि हसून पुढे म्हणाली, "देवाला जायची येवढी कसली घाई वो तुमाला?"

मला पुढे चालवणार नव्हतं. नैवेद्य घेऊन शुभांगीच त्या बाईबरोबर देवळात गेली. मी ट्यूबवर बसून राहिले. समोर चिखलाने माखलेलं जुनं देऊळ, कडेला पाणी, वर मोकळं आभाळ. कुणाचा मसाला मनात आला नाही. मी तिथूनच हात जोडले.

काठावर आल्यावर त्या बाईनं यांना सगळं सांगितलं. यांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "देवळापर्यंत मी पोचलेच नाही. नवस फिटला म्हणायचा का?"

यांनी देवळाकडे बघून हात जोडले. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "फिटला. मी तुझं आयुष्य मागितलंच न्हवतं. ते डाक्टरकडं मागितलं. देवाला म्हणलं, आमच्या मालकिणीला एका जागी जरा बसव. नैवेद्य घेऊन येतो."

शुभांगीनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिथून आम्ही तसेच चिखलाचे बारामतीला गेलो. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, एक गोळी बदलली, एक दिवस ठेवून घेतलं.

हे देवानं केलं की योगायोगानं, यावर मी वाद घालत नाही. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील. पण त्या बाईला ट्यूब विसरायला लावणारं जे काही होतं, त्याला मी रोज दिव्यासमोर नमस्कार करते, आणि आता तो घाईचा नसतो. भार टाकायला शिकणं हीच माझ्यासाठी भक्ती ठरली, आधी माणसांवर, मग त्याच्यावर.

गिरणी आता शुभांगी बघते. मी दुपारची गिरणीच्या ओट्यावर बसते. परवा शेजारच्या तात्यांची सून मसाला चिमटीत धरून म्हणाली, "मावशी, यंदा जरा जाडसर वाटतोय."

माझी मूठ आवळत आली होती. मी ती मांडीवर ठेवून उघडली.

"आत शुभांगी हाय," मी म्हणाले. "तिला सांग."

आणि बसून राहिले.