रामदासराव, मॅडम आणि पाण्याला झालेला मलेरिया

नोकरी सुटते, किस्से सुटत नाहीत. २००४ साली मी सांगलीहून चेन्नईला आले आणि अड्यारच्या एका लॅबमध्ये लागले. काम काय, तर पेशंटच्या रक्तातून मलेरियासारख्या आजारांच्या परजीवींचा डीएनए शोधायचा. आजही आम्ही जुने लोक भेटलो की एकेक किस्सा निघतोच!

*

पहिल्याच आठवड्यात मी पीसीआर लावला, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या लाखो प्रती काढणारी चाचणी. जंतू असला की जेलच्या चकतीवर पट्टा उमटतो, तो बँड. सगळी सॅम्पल्स पॉझिटिव्ह! खुशीत जेलचा फोटो घेऊन मी आमच्या प्रमुख कनकवल्ली मॅडमकडे धावले.

"शेवटचं सॅम्पल कशाचं?"

"नुसतं पाणी, मॅडम. पडताळणीचं कंट्रोल."

"अरेरे! पाण्यालाही मलेरिया?"

माझ्याच थेंब मोजायच्या पिपेटमुळे एका सॅम्पलचा डीएनए सगळ्या नळ्यांत गेला होता. पण मॅडम ओरडल्या नाहीत. पदर खोचून माझ्यासोबत ब्लीचने टेबलं पुसायला लागल्या.

*

एकदा पीसीआर मशीनच बंद पडलं. इंजिनिअर दोन दिवसांनी येणार, आणि सॅम्पल एका तापाने आजारी लहान मुलीचं.

मॅडम म्हणाल्या, "मशीन करतं काय? नळ्या गरम करतं, गार करतं. आपल्याला हात आहेत ना?"

तीन वॉटर बाथ, म्हणजे गरम पाण्याच्या टाक्या, तीन तापमानांना लावले. स्टॉपवॉच घेऊन नळ्या यातून त्यात, त्यातून तिसऱ्यात. पस्तीस फेऱ्या! मॅडम तमिळमध्ये मोजत होत्या. जेलवर बँड आला, अगदी लख्ख.

इंजिनिअर आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "सावकाश करा, घाई नाही!"

*

रामदासराव आमचे स्लाइडवाले. तंजावरच्या मराठी घरातले, सगळा जन्म मायक्रोस्कोपवर गेलेला. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांना कॅन्टीन कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मराठीत विचारा की! तुमचं तमिळ ऐकून माझी भूक मेली!"

पीसीआरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "डोळ्याला दिसेल तोच जंतू खरा."

*

एन्नोरच्या कोळीवस्तीतली एक गरोदर बाई तापाने फणफणली होती. रामदासरावांनी स्लाइड पाहून लिहिलं, व्हायव्हॅक्स. म्हणजे त्यातल्या त्यात साधा मलेरिया. पीसीआरमध्ये मात्र दोन बँड! सोबत जीवघेणा फाल्सिपॅरमही होता.

फॉर्मवरचा फोन शेजाऱ्यांचा, कुणी उचलेना. रामदासराव उठले. बसने एन्नोर गाठलं, विचारत विचारत घर शोधलं, आणि तिला नवऱ्यासकट रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. औषध बदललं. बाई वाचली, पोटातलं बाळही वाचलं.

ती घरी गेली त्या दिवशी रामदासराव पहिल्यांदाच पीसीआरच्या खोलीत आले. हातात जुन्या स्लाइड्सची लाकडी पेटी.

"मॅडम, या सगळ्या मी व्हायव्हॅक्स म्हणून दिलेल्या. परत तपासा. किती चुकलो ते मला कळू दे."

मॅडमनी पेटी घेतली, टेबलावर ठेवली आणि ग्लोव्ह्जचे खोके त्यांच्यापुढे ओढले.

"साइज कोणती तुमची?"