कप्तानाची नऊ वर्षे

चांगी विमानतळावर मला घ्यायला निरंजन आला, तोही मंगळवारी भर दुपारी. कामाच्या दिवशी लेक हजर पाहून मी सुखावलो. बापासाठी रजा टाकली म्हणायची. टॅक्सीत बसताच त्याने माझ्या कप्तानाचा विषय काढला.

हा कप्तान म्हणजे शिडाच्या जहाजांच्या काळातला एक इंग्रज आरमारी अधिकारी. मी मुंबईच्या गोदीत जन्मभर जहाजांचे आराखडे काढले. त्याचे शेवटचे जहाज आमच्याच गोदीत सागवानात बांधलेले, म्हणून निवृत्तीनंतर मी त्याच्या मागे लागलो. बाराव्या वर्षी तो जहाजावर चढला, तिशीत कप्तान झाला. मग युद्ध संपले आणि जहाजे थोडी, कप्तान फार अशी गत झाली. त्याने नऊ वर्षे अर्ध्या पगारावर घरी काढली. दर महिन्याला लंडनच्या आरमार कचेरीला पत्र लिहायचा, ‘सेवेस हजर आहे.’ शेवटी समुद्राची खोली मोजणारे एक लहानसे जहाज मिळाले. ते घेऊन सिंगापूरला आला आणि तापाने गेला. ती नऊ वर्षे हा आमच्या घरातला जुना विनोद. सुट्टीत निरंजन लोळताना दिसला की मी विचारायचो, “काय कप्तान, जहाज आलं का?”

“त्याच्या कबरीची शिळा सापडली, बाबा,” टॅक्सीत निरंजन म्हणाला. “इथल्या एका टेकडीवरच्या भिंतीत, खालून दुसऱ्या ओळीत. सकाळी अक्षरं लागत नाहीत. चारनंतर तिरकं ऊन आलं की वाचता येतात.”

मी इतका हरखलो, की पाया लेबार भागातल्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला चारचे ऊन कधी दिसते, हे मनातही आले नाही.

त्यांचा फ्लॅट सेम्बावांगला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून जहाजदुरुस्तीच्या क्रेन दिसत, त्यामुळे मला परके वाटेना. रोज सकाळी सूनबाई मुग्धा डबा भरून देई आणि निरंजन तो घेऊन निघे. इथे डबा कोणी नेत नाही, सगळे हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवरच जेवतात, असे पूर्वी तोच फोनवर सांगायचा. उशिरा का होईना, पोराला घरच्या पोळीची किंमत कळली असे मी मुग्धाला म्हणालो. ती ओट्याकडे वळली. सात वर्षांची इरा मात्र म्हणाली, “हॉकर नायसर लाह, आजोबा,” आणि मला खाली घेऊन गेली. तिथे काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड मुरांबा लावलेला पाव) खाल्ला. सोबतची कोपी, म्हणजे कॉफी, इतकी गोड की डॉक्टरांची आठवण झाली.

शनिवारी दुपारी निरंजन आणि मी टेकडीवर निघालो. एमआरटी मेट्रोत मी सवयीने बाकरवडीची पुडी सोडली, तर निरंजनने झडप घालून ती बंद केली. गाडीत खायला बंदी आहे म्हणे. उतरायचे स्टेशन धोबी घाट. एवढ्या दूर येऊन हेच नाव वाचायचे होते, याचे हसू आले.

टेकडीवर जुन्या इंग्रजी कबरस्तानाची आता बाग झाली आहे. कबरींच्या शिळा विटांच्या भिंतीत बसवल्या आहेत. निरंजन न शोधता थेट माझ्या कप्तानापाशी गेला. सव्वाचार झाले होते, अक्षरे उमटली होती. जन्म, जहाजांची नावे, मृत्यू. नऊ वर्षांचा उल्लेख कुठे नव्हता. मी म्हणालो, “घरी बसलेलं कोण कोरतंय दगडावर.” निरंजन हसला नाही.

तेवढ्यात पाने झाडणारी एक चिनी आजी थांबली आणि त्याला म्हणाली, “सॅटर्डे ऑल्सो कम आ? दिस युअर फादर?” मग माझ्याकडे वळून, “युअर सन, एव्हरी डे सिट हिअर. गुड बॉय.” (तुमचा मुलगा रोज इथे येऊन बसतो.)

ती पुढे गेली. निरंजन शिळेकडे बघत बोलला. नोकरी गेल्याला एकोणीस दिवस झाले होते. इथे राहायचा पास त्या नोकरीवरचा, ती गेली की तीस दिवसांची मुदत. उरलेल्या अकरा दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर तिघांनी देश सोडायचा. इराची शाळाही सुटणार. मुग्धाला सगळे ठाऊक होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं असतं, जहाज आलं का.”

मला लाज वाटली. पंधरा वर्षे मी त्या कप्तानाची तोफेन् तोफ मोजली, पण त्या नऊ वर्षांत तो सकाळी उठून काय करत असेल, हे एकदाही मनात आले नाही. मी म्हणालो, “सोमवारी मुग्धाला दोन डबे भरायला सांग.”

पुढचे पाच दिवस आम्ही बापलेक डबे घेऊन टेकडीवर गेलो. तो लॅपटॉपवर अर्ज धाडी, मी शिळांवरचा मजकूर वहीत उतरवून घेई. बारा वाजता पोळीभाजी खायची. आजीला बाकरवडी दिली, ती तिला तिखट लागली. एक मुलाखत चांगली झाली असे निरंजनला वाटले. मीही देवाला हात जोडले.

मुंबईला परतल्यावर मी कप्तानाची वही उघडली. त्या नऊ वर्षांपुढे माझ्याच अक्षरात ‘रिकामा’ लिहिलेले होते. ते खोडून ‘सेवेस हजर’ लिहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी निरंजनचा फोन आला.

“बाबा, जहाज नाही आलं,” तो म्हणाला.

“नसू दे,” मी म्हणालो. “तू ये.”