मिरच्यांच्या डब्यातले कागद

सून आज भिवापुरी मिरच्या निवडत बसली, आणि त्या वासानं मला कुसुमच्या अ‍ॅडमिशनचा शेवटचा दिवस आठवला. माझी पोरगी पॉलिटेक्निक संपवून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. तिचे कागद मी मिरच्यांच्या डब्यात ठेवले होते, कसर लागू नये म्हणून. कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमनी ते उघडले आणि शिंकतच सुटल्या.

“बाबा, मिरच्यांत काहून ठेवले जी?” कुसुम रडकुंडीला आली.

“मॅडम, एक तरी भोक दाखवा. पोरीले घ्या आता,” मी अडून बसलो.

डोळे पुसत, हसत मॅडमनी शिक्का मारला.

फाटकाशी कुसुम म्हणाली, “उद्यापासून मी एकटी येईन.” पोरगी धीट झाली, असं मी मोहल्लाभर सांगितलं. ती माझ्यामुळे लाजली होती, हे आता कळतं. लाजली तर लाजली, सीट तर मिळाली!