चटईखालची लोसा

आमच्या बेटावरच्या गावात लोसाच्या वाटेला कुणी जात नाही. बायकांच्या समितीची ती प्रमुख. ती घरं तपासायला निघाली की लोक चटया उन्हात टाकतात, डुकरं हाकलतात आणि चेहऱ्यावर उसनं हसू आणतात. मी त्याच समितीत आहे, म्हणजे तिच्या शिव्यांचा मोठा वाटा माझा.

गोवर आला तेव्हा समितीने फेसबुकवर गावाचं पान काढलं. शाळेच्या फळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, फोन मात्र चर्चमध्येही मांडीखाली असतो. लोसा त्या पानावर रोज बोलायची. "पुरळ उठलेलं पोर घेऊन प्रार्थनेला आलात तर देवसुद्धा दार लावून घेईल," म्हणायची. लोक हसायचे, पण ऐकायचे.

ऐकायचे विनीचंही. ही आमचीच चुलत बहीण, राहते ऑकलंडला. पाल्याचं पाणी प्या, सुईने पोरं मरतात, असं ती तिकडून सांगायची. परदेशातून पैसे येतात तशी अक्कलही येते, असा आमच्याकडे समज आहे. मला तिचा संताप यायचा, अजूनही येतो.

लस न घेतलेलं माणूस घरात असेल तर दारात लाल फडकं बांधा, नर्सची गाडी थांबेल, असा सरकारी हुकूम होता. लोसाचा धाकटा भाऊ पेनी गावच्या प्रमुखांपैकी एक. त्याच्या दारात फडकं नव्हतं आणि घरात त्याची तान्ही लेक लागी बिनलसीची होती. लोसा त्याच्याकडे गेली.

"ताई, गेल्या साली सुईनंतर दोन बाळं दगावली," पेनी म्हणाला. "विसरलीस?"

"चूक औषध कालवणाऱ्या माणसांची होती. लसीची नव्हती."

"मग आत्ता काय देवदूत टोचणार आहेत?"

लोसा तशीच परत आली. शेजारच्या गावात त्या आठवड्यात एक पोर गेलं. लोसाने पानावर भावाचं नाव घेऊन सांगितलं, "पेनीच्या दारात फडकं नाही. घरात बाळ आहे."

झालं! प्रमुखांची सभा बसली. प्रमुखाची अब्रू फेसबुकवर काढली म्हणजे काय! तिने माफी मागावी, असं ठरलं.

"मागते की," लोसा म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कुणाच्या हातून मोठा अपराध घडला, माणूस दगावलं, तर अपराध्याचं कुटुंब पहाटे त्या घरापुढे डोक्यावरून घराण्याची उंची चटई पांघरून बसतं. घरधन्याने चटई उचलली की माफी मिळाली. लोसा आईची चटई घेऊन पेनीच्या दारात बसली आणि फोन माझ्या हातात दिला.

"पान चालू कर. हात हलवू नकोस, आणि तोंड बंद ठेव. जमेल?"

मग चटईखालून तिचा आवाज आला. "लागी, बाळा, मी तुझी माफी मागायला आलेय. तू गेल्यावर चटई आणली तर तू ऐकणार नाहीस, म्हणून आधीच आले. तुझी आत्या साऱ्या गावाला शहाणपण शिकवते आणि तुझ्या बापाला ते पटवता आलं नाही. माफ कर गं."

बघणारे वाढत गेले. विनीने लिहिलं, 'नुसतं नाटक!' मी वाचून दाखवलं.

"विने, विमानात बस आणि ये," चटई म्हणाली. "माझ्या शेजारी जागा आहे."

पेनी बाहेर आला. "ऊठ ताई. सगळं जग बघतंय."

"म्हणूनच बसलेय."

त्याने चटईला हात घातला. तिने आतून घट्ट धरली. "उचललीस तर पोरीला लस द्यायची. कबूल असेल तरच उचल."

आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द सहसा मोडत नाही. तिचे तळतळाट लागतात म्हणतात. पेनीचा आवाज चिरकला. "शाप देणार का मला?"

"शाप घेऊन काय चाटायचाय? मला पोर जिवंत हवंय."

तेवढ्यात पेनीची बायको फेतू लागीला घेऊन बाहेर आली. या भांडणात ती एक अक्षर बोलली नव्हती. चटईची कड वर करून ती लोसाजवळ आत शिरली. "मला सुईची पण भीती वाटते ताई, आणि गोवराची पण," ती म्हणाली. "गोवराची जास्त."

पेनीने चटई उचलली, नीट घडी केली आणि लागीला स्वतः कडेवर घेतलं.

नर्सची गाडी चर्चपुढे होती. "आधी मला टोचा," तो म्हणाला. मग लागीला टोचलं. लागीने असं भोकाड पसरलं की कोंबड्या पळाल्या. पेनीचे डोळे भरून आले होते. त्याने माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"विनी, मी पेनी बोलतोय. पोरीला लस दिली. आता ऐक." आणि त्याने फोन लागीच्या तोंडाशी धरला. ती गप्प होईपर्यंत धरून ठेवला.