पुलावरचा चोर आमच्यासारखा बोलतो

पुण्याला निघाले त्या दुपारी छत्तीसगडात, भिलाईच्या कॅम्प-1 वस्तीतल्या आमच्या घरासमोर ऑटो उभा होता. आई शेजारणीला हिंदीत सांगत होती, मुलगी नोकरीला चालली. बाबा बॅगा चढवत होते. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये उभा जन्म गेलेला माणूस, त्यांना हळू बोलताच येत नाही. दुर्ग स्टेशनापर्यंत ते ऑटोच्या आवाजावर ओरडून एकच सांगत राहिले, "पुन्याची मराठी शुद्ध राह्यते म्हन्तेत. आयकजो, शिकजो. पन दबजो नोको, बाई."

मी दबले. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये "मी येतो" म्हटलं आणि टेबलावरची मुलगी हसत म्हणाली, "येतो? तू मुलगा आहेस का?" भंडाऱ्याकडून भिलाईला आलेल्या आमच्यासारख्या घरांत बाईसुद्धा "मी येतो"च म्हणते, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. सहा महिन्यांत माझी मराठी धुऊन निघाली. भिलाईकरांनो, तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना हे सांगायला नको. जे तिथंच राहिले, त्यांना वाटतं पोरगी भाव खाते. भाव नाही खात. हसणं चुकवते.

आणि मग यंदा तो गेम आला. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एक माणूस घडवायचा, त्याला नाव आणि धंदा द्यायचा, आणि गावोगाव फिरत, लोकांशी बोलत गोष्ट पुढे न्यायची. याआधी असे गेम मी इंग्रजीतच खेळले होते. यात सगळी माणसं मराठी बोलतात म्हटल्यावर पहिल्याच दिवशी घेतला. मी एक लोहारीण केली. पहिले दोन तास मी नुसती चालत होते. काय ते जंगल, काय त्या भट्टीतल्या ठिणग्या! राणी मराठीत बोलली तेव्हा तिचं वाक्य मी तीनदा ऐकलं.

मग नदीवरच्या पुलाशी एक चोर पकडला गेला. गुडघ्यावर बसून म्हणाला, "मले मारू नका जी, मी तं नुसता पाहून राहिलो होतो."

मी खुर्चीत ताठ झाले. हा तर माझ्या काकाचा सूर! खाली मला तीन उत्तरं दिली होती: हसा, लाथ मारा, नाणं फेका. लाथ मारली की गुण जास्त.

पुढे खेळत गेले तसा पारा चढत गेला. राणी, वैद्य, सेनापती सगळे पुण्याचे. दारुडा, हमाल आणि पळपुटा पहारेकरी तेवढे आमचे. माझी लोहारीण तोंड उघडायची तेव्हा तीसुद्धा पुण्याचीच. मी कंपनीला पत्र लिहिलं, स्वच्छ, धुतलेल्या मराठीत. उत्तर आलं: ही स्थानिक रंगत आहे, खेळाडूंना फार आवडते. रंगत! आमच्या माणसाच्या कमरेत लाथ, आणि ती रंगत.

सुट्टीत भिलाईला गेले तेव्हा लॅपटॉप नेला होता. गेम पहिल्यापासून सुरू केला तसे बाबा शेजारी येऊन बसले. चोर बोलला मात्र, ते उडालेच. "अवो, आयकलं का? हा तं आपल्या इकडचा हाय!" आई पदराला हात पुसत आली. मी लॅपटॉप मिटायला हवा होता. बाबांनी तोवर उत्तरं वाचली होती.

"त्याले लाथ कावून मारतेत?"

"चोर आहे बाबा."

"मंग? अगोदर विचार त्याले, जेवला का म्हून."

"तसं उत्तर नाही यात."

त्यांनी तिन्ही उत्तरं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बंद नोको करू. पुढं कोनी तरी धड मानूस भेटन आपला." आणि तो माणूस भेटायची वाट पाहत माझे बाबा अख्खी दुपार स्क्रीनसमोर बसून राहिले. प्रत्येक नव्या गावात पुढे वाकायचे, ऐकायचे, मागे टेकायचे. शेवटी उठून अंगणात गेले. इतका राग मला कँटीनमध्येही आला नव्हता. तिथंच बसून मी दुसरं पत्र लिहिलं, आमच्या बोलीत, एक अक्षर न धुता. त्याला उत्तर नाही.

पुण्याला परतल्यावर आठवड्यानं बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळू, विचारलं, "भेटला का मंग तो?"

"हाव बाबा, भेटला," मी खोटं बोलले.

"का करते?"

"लोहार हाय. रानी बी त्याले विचारल्याबिगर काई करत नाई."

"पाह्य! म्या म्हन्लं होतं ना!" त्यांनी आईला ओरडून सांगितलं. तिचं हसू मला ऐकू आलं.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर आता मला गावाचं नाव पुरेसं वाटत नाही. जिथं माझ्या बोलीतला माणूस शहाणा असू शकतो यावर कुणाचा तरी विश्वास आहे, तेवढी जागा माझं घर. आज ती फोनच्या त्या टोकाला, दोन माणसांपुरती आहे. त्यांना खूश ठेवायला मला थाप मारावी लागली, याची लाज मी का वाटून घेऊ? ज्यांनी तो माणूस गेममध्ये ठेवला नाही, त्यांना वाटू दे.

फोन ठेवला आणि तिसरं पत्र लिहायला बसले.