डोक्याच्या मागच्या बाजूची मोजणी

तारीख सतरा जून. रक्कम तीस रुपये, पैकी वीस आगाऊ. हजर : मी स्वतः, माझी बायको, आमची दहा वर्षांची मुलगी आणि लातूरचे एक होमिओपॅथीचे डॉक्टर. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. आमच्याकडे कुठलाही कागद तारीख, फी आणि हजर माणसं यांच्यापासून सुरू होतो, म्हणून हेही तसंच लिहितो.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पाऊस पडून जवळजवळ दोन. नव्या जिल्ह्याला नकाशे लागतात, म्हणून माझी नांदेडहून तिकडे बदली झाली होती. दोन खोल्या, एक आरसा आणि एक दिवसाआड चार घागरी पाणी असा संसार होता.

विषय मुलीच्या डोक्यावरच्या चाईचा. उन्हाळ्यात तिची वेणी घालताना बायकोला उजव्या कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. पंधरा दिवसांत डाव्या बाजूला दुसरी झाली. शेजारच्या बाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. उमरीहून सासूबाई आल्या, त्यांनी लसूण ठेचून चोळला. त्याने केस आले नाहीत, फोड आले. मग मी मुलीला घेऊन नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी भिंग लावून दोन्ही जागा पाहिल्या आणि सरळ सांगितलं. हे गजकर्ण नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शरीरात रोगाशी लढणारे राखणदार असतात, ते कधीकधी आपल्याच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर धावून जातात. का, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पाण्याचा दोष नाही, तेलाचा नाही, लसणाचा उपयोग नाही. मुळं मेलेली नसतात, त्यामुळे पुष्कळदा केस आपोआप येतात, आधी पांढरे, मग काळे. काहींचे येत नाहीत, आणि आलेले पुन्हा जाऊही शकतात. मोठ्या माणसाला त्या जागी बारीक सुईने इंजेक्शनं देतात. मुलगी लहान आहे, तीन महिने थांबा, नाहीच आले तर बघू. शाळेसाठी त्यांनी चिठ्ठीही दिली की हा आजार संसर्गाचा नाही.

घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "काहीच करू नका, हे सांगायचे पैसे घेतले त्यानं?"

चिठ्ठी मुख्याध्यापक बाईंना पटली. मुलीला पटली नाही. शाळा सुरू झाली त्या दिवशी वर्गातल्या एकीने तिची रिबीन ओढली, जागा सगळ्यांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेला जाईना. रागावून झालं, समजावून झालं, पेन देतो म्हणून झालं. केस आल्याशिवाय जाणार नाही, एवढंच ती म्हणायची. ती पाचवीत होती आणि तोवर तिचा एकही दिवस बुडालेला नव्हता. आम्हा नवराबायकोला टकलाची भीती नव्हती. पोरगी घरातच राहील याची होती. माझ्या आईने शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि माझ्या धाकट्या बहिणीची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. म्हणून बायकोने होमिओपॅथीचं नाव काढलं तेव्हा मी वाद घातला नाही. गोड गोळ्या आहेत, सुई नाही, हा तिचा मुद्दा.

डॉक्टर वयाने माझ्याएवढेच आणि स्वभावाने गोड होते. त्यांनी सांगितलं की ते रोगाला औषध देत नाहीत, माणसाला देतात, आणि माणूस कळायला तास-दीड तास लागतो. घराण्यात कुणाला चाई होती का, असं त्यांनी पहिलंच विचारलं. मी नाही म्हणालो. बायको उठली, माझी मान खाली दाबली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हे काय मग?"

माझ्या डोक्याच्या मागे चाई होती. बायकोला महिनाभर माहीत होतं. मला का सांगितलं नाही, तर म्हणे, "सांगितलं असतं तर हे टेप घेऊन बसले असते."

मग मी तिथेच ठरवलं ते असं. मुलीला घरात कुणी न घेतलेलं औषध द्यायचं नाही. आधी मी घेतो. बारा आठवडे दर रविवारी माझी चाई मोजायची. कमी झाली तर मुलीला गोळ्या सुरू. नाही झाली तर मुलगी नांदेडला आणि मग डॉक्टर म्हणतील ते, सुई तर सुई. मुलीची चाईही मोजायची, पण तिला औषध काही नाही. डॉक्टरांना ही पद्धत आवडली. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. तिला काय वाटतं हे आम्ही तिघांपैकी कुणी विचारलं नाही.

मुलीऐवजी मी रोगी झालो, म्हणून प्रश्न मला. तहान किती लागते? मी सांगितलं, एक दिवसाआड चार घागरी, तीन माणसांत. ते म्हणाले, मिळतं किती ते नाही, लागते किती? दोन वर्षांत हा हिशेब मी वेगळा काढला नव्हता. अंघोळ आवडते का? मागची नीट आठवत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. विजांच्या कडकडाटाची भीती वाटते का? "इकडे बदली झाल्यापासून झालेला नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. तहान, अंघोळ आणि ढग या तीन बाबतींत सध्या सगळा जिल्हा एकाच औषधाचा रोगी दिसतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी शेवटचं विचारलं, की राग आला तर बोलून टाकता की गिळता?

उत्तर बायकोने दिलं. "गिळत न्हाईत. लिहून ठेवतात."

यावरून त्यांना औषध सापडलं. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ चार. पथ्य म्हणजे कच्चा कांदा, लसूण, कॉफी, कापूर बंद. कॉफी आमच्याकडे नव्हतीच. कांद्याचं मात्र जड गेलं. मोजणीला गावोगाव हिंडायचं, शेतकरी भाकरीवर कांदा फोडून ठेवणार आणि मी तो परत करणार. लोकांना वाटायचं साहेब आमच्या घरचं खात नाहीत. एका गावात मी शेवटी मान खाली करून चाई दाखवली, तेव्हा कुठे त्यांचा गैरसमज गेला.

मोजणीची रीत सांगतो. ट्रेसिंग कागद मी बाजारातून विकत आणला, ऑफिसातला वापरला नाही. कागद डोक्यावर ठेवून चाईच्या कडेने पेन्सिल फिरवायची, तो आकार आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. मुलीची मी काढायचो. माझी मागे असल्यामुळे मला दिसत नव्हती. बायकोचा हात कापतो, म्हणून माझ्या चाईचा आकार मुलगी काढायची. तिचं चित्र चांगलं होतं.

पहिल्या रविवारी मुलीची मोठी चाई नऊ चौरस सेंटिमीटर भरली, माझी साडेसहा. तिसऱ्या रविवारी माझी पावणेसहा, पाचव्याला पाच, आठव्याला साडेतीन. बायको हरखलेली दिसली. मुलीची सातव्या रविवारपर्यंत होती तेवढीच होती. आठव्याला मला कडेला पांढरी लव दिसली. मी ती लिहिली, पण तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष माझ्या डोक्यावर होतं. बारावा रविवार : माझी दोनला थोडी कमी.

सोमवारी मी आलेख घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तो बघून त्यांचे डोळे भरून आले. असा रोगी आपल्याला मिळाला नव्हता, असं ते म्हणाले आणि त्यांनी तो कागद टाचणीने भिंतीला लावला. माझं डोकं त्यांनी पाहिलं नाही. कागद इतका चांगला होता की मलाही ते सुचलं नाही. मुलीच्या गोळ्या गुरुवारपासून सुरू करायच्या ठरल्या.

बुधवारी सकाळी केस कापायला गेलो. माझा न्हावी इतके दिवस लिंबाच्या झाडाखाली बसायचा. जिल्हा झाला, गिऱ्हाईक वाढलं, म्हणून त्याने त्याच महिन्यात दुकान टाकलं होतं, समोर एक आणि मागे एक असे दोन आरसे लावून. कापून झाल्यावर मी सहज समोर पाहिलं. मागच्या आरशातलं डोकं समोरच्या आरशात दिसत होतं. त्याच्यावर दोन चाया होत्या. एक लिंबाएवढी, दुसरी तिच्या शेजारी.

कुणाचं डोकं आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी न्हाव्याला विचारलं, हे कधीपासून?

"दुसरी मागच्या महिन्यात झाली, साहेब."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही दर आइतवारी मोजून राहिलेत म्हणून ऐकलं. मोजणाऱ्याला काय सांगायचं?"

मी ऑफिसला न जाता घरी आलो आणि बारा ट्रेसिंग एकावर एक ठेवून उजेडात धरली. जे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. बाराही आकार एकसारखे होते, फक्त दर खेपेला चहूबाजूंनी सारखे आत सरकलेले. जमिनीवर असं होत नाही. एक बाजू सरकते, दुसरी अडते. शेतात न जाता टेबलावर बसून काढलेला नकाशाच असा सुबक असतो. अशा नकाशांवरून मी दोन जणांना मेमो दिले होते.

मुलगी भाकरी खात होती. मी कागद तिच्यापुढे ठेवले. तिने घास खाली ठेवला.

"हे माझं डोकं आहे का?" मी विचारलं.

"पहिलं हाय," ती म्हणाली. "बाकीचे न्हाईत."

"का पण?"

"तुमचं कमी न्हाई झालं की मला सुई होती."

बायको चुलीपुढून उठली नाही. तिलाही इतके आठवडे माझं खरं डोकं दिसत होतं, हे तिच्या पाठीवरून कळलं. मी काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होतो, खोटा दाखला म्हणजे काय वगैरे, तेवढ्यात मुलीनेच विचारलं, "बाबा, पंधरा ऑगस्टला तुम्ही झेंड्यापाशी पुढं उभे होतात ना? मी आले होते बघा."

"हो."

"तुमचं सारं हापिस मागं होतं. तेव्हा दुसरी पण झालती. कुणी काय म्हटलं का?"

मी आठवून पाहिलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. साहेबांनी चहा पाजला होता.

"मला माहीत नव्हतं म्हणून मी उभा राहिलो," मी म्हणालो.

"मला माहीत होतं की. मी बघून राहिले होते कोण हसतं ते. एकच शिपाई हसला, आणि तो सगळ्यालाच हसतो." तिने खाली ठेवलेला घास उचलला. "लिंबाखाली केस कापायलाबी तुम्ही गेलात, बाजारातबी गेलात. मग मी म्हटलं, आपली तर कानामागं हाय."

मी कागद उचलले. जुळवलेलं भाषण दिलं नाही. बायकोने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि बाजूला कच्चा कांदा ठेवला. तो मी खाल्ला.

नंतर मी मुलीची बारा ट्रेसिंग पुन्हा पाहिली. ती माझ्या हातची होती, त्यामुळे खरी. मोठी चाई नऊवरून तीनवर आली होती आणि धाकटीवर काळे केस दिसत होते. तिने एकही गोळी घेतलेली नव्हती. मी तीन महिने न चुकता घेतल्या होत्या आणि माझ्या एकीच्या दोन झाल्या होत्या. दोन डोक्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गोळ्या न घेता माझ्या तीन झाल्या असत्या, असंही कुणी म्हणू शकेल. पण मुलीचे केस आणणारं औषध कोणतं, या प्रश्नाला माझ्याकडचं उत्तर नांदेडच्या डॉक्टरांचंच होतं : थांबा.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरचा आलेख काढून घेतला, कारण त्याच्यावर माझी सही होती. त्यांना पाठ करून डोकं दाखवलं. त्यांनी दोन्ही जागा बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "मी सोमवारी बघायला हवं होतं." औषधाची ताकद वाढवून बघू, असंही म्हणाले, पण आग्रह केला नाही. मुलीसाठीच्या गोळ्या मी आणल्या नाहीत. ठरलेले उरलेले दहा रुपये मी टेबलावर ठेवले. ते त्यांनी परत केले, मी पुन्हा ठेवले, तिसऱ्यांदा त्यांनी घेतले. जेवढा वेळ ते माझ्याशी बोलले होते, तेवढा आजवर कोणताच डॉक्टर बोलला नाही, आणि त्याची फी द्यायला मला जड गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मुलगी न सांगता गणवेश घालून उभी राहिली. तिने दोन वेण्या स्वतः घातल्या होत्या, थोड्या वाकड्या, आणि उजवीकडे कानामागची जागा दिसत होती. बायकोने ती झाकायला हात पुढे केला. मुलगी म्हणाली, "राहू दे, आई." शाळेपर्यंत ती माझ्या मागे चालत होती, म्हणजे वाटभर तिच्यासमोर माझ्या दोन्ही चाया होत्या.

तीन महिने गैरहजर म्हणून तिचं नाव पटावरून कमी झालं होतं. कारकुनाने कारण विचारलं. मी मान वळवून त्याला डोकं दाखवणार होतो, पण मुलीनेच सांगितलं की डोक्याला चाई पडली होती, अजून हाय. त्याने 'आजारी' लिहिलं. तास सुरू झाला होता, म्हणून ती पावतीची वाट न पाहता वर्गात गेली.

पुन्हा दाखल करण्याची फी दोन रुपये, शाळेच्या कारकुनाला दिले.