थोरली पाती आणि सुपर कॉम्प्युटर

माझं काम कोणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. पुण्यात शेकडो कॉम्प्युटर एकत्र जुंपून मी बेडकांची वंशावळ काढायचो. कोणती जात कधी, कोणापासून फुटली, एवढंच. भोकरदनकडच्या आमच्या गावात वडिलांनी मात्र त्याची पार दवंडी पिटली होती.

आमच्याकडं पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी जाते ती भावकीतल्या थोरल्या पातीची, म्हणजे मूळच्या थोरल्या भावाच्या वंशाची. तो मान आमच्या घराचा. त्या वर्षी खालच्या गल्लीतले चुलते उठले, म्हणाले, थोरली पाती आमची. कागद कोणाकडंच नव्हता. वडील पारावर गरजले, "माझं पोरगं लाखो वर्षांमागचं काढून राह्यलंय! चार पिढ्यांचं काय घेऊन बसलात? मशीन म्हणंल ते मला कबूल."

"बिलकुल कबूल," चुलते म्हणाले.

झालं! मला विचारतो कोण?

मी फोनवर सांगून थकलो की मशीनला नुसती नावं चालत नाहीत, अंगावरच्या खुणा लागतात. कशाला बोललो देव जाणे. पंधरा दिवसांत पाकीट हजर. गुरुजींनी अख्खी भावकी शाळेत उभी करून तक्ता भरला होता. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, करंगळी सरळ की वाकडी, माणूस घोरतो की नाही. घोरण्याला चुलत्यांनी हरकत घेतलेली, तीही समासात नोंदवली होती.

बेडकांना महिना लागायचा, भावकी डोळ्याचं पातं लवायच्या आत निघाली. एक बुंधा, त्याला एकाच जागी फुटलेल्या दोन फांद्या. त्यातली थोरली कोणती, हे माझं मशीन सांगूच शकत नाही. हे मला पहिल्या फोनपासून ठाऊक होतं. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही, याची आजही लाज वाटते.

पोळ्याला झुली घालून बैल उभे आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. मी खरं ते सांगून टाकलं.

"थोरलं कोणीच न्हाई?" सरपंच म्हणाले. "मंग दोन्ही जोड्या बराबर सोडा!"

सोडल्या. तोरणाखाली शिंगांत शिंगं अडकली, आरडाओरडा झाला, आणि त्या गडबडीत शिंप्याचा एकटा गोऱ्हा बाजूनं निघून पहिला पार झाला. गाव पोट धरधरून हसलं. वडील हसले नाहीत.

घरी जेवायला बसलो. पहिला घास हातातच धरून ते म्हणाले, "एवढं एक खोटं बोलला असता, तर मशीन बिघडलं असतं का रे?"